वारा, पंखा आणि 'म्हणे' : पवनऊर्जेविषयीच्या मराठी लेखनाचे परीक्षण

पवनऊर्जेविषयी मराठीत लेखन थोडे झालेले नाही. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, शालेय पाठ्यपुस्तके, विज्ञानप्रसारक नियतकालिके, शासकीय पुस्तिका आणि स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके या सर्वांतील मजकूर एकत्र केला तर तो विपुल म्हणावा इतका भरेल. तथापि या मजकुराची भाषिक अंगाने चिकित्सा क्वचितच झाली, आणि झाली ती बहुधा परिभाषेपुरतीच. 'पवनऊर्जा' हा समास संधिनियमांस सोडून आहे, तो 'पवनोर्जा' असा हवा, असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. अर्वाचीन मराठी समासात घटकपदे अखंड ठेवण्याची प्रवृत्ती दृढ झालेली आहे. 'सौरोर्जा' कोणी लिहीत नाही, तसेच हेही. आक्षेप चुकीचा आहे असे नव्हे, परंतु तो दुय्यम आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, आणि तेव्हापासून शब्द घडविण्याचे काम पुष्कळच झाले. 'जनित्र', 'पाते', 'वायुवेगमापक', 'वातकुक्कुट' ही पदे आज कोणाला अडवीत नाहीत. अडते ते वाक्यात. पवनऊर्जेविषयीचे मराठी विधान वाचून ते खरे की खोटे हे पडताळण्याची सोय वाचकास उरत नाही, हे या लेखनाचे खरे वैगुण्य होय.

प्रथम नावाचा विचार करणे सोयीचे. या यंत्रास मराठीत आज तीन नावे आहेत : पवनचक्की, पंखा आणि टर्बाइन. 'पवन' हा शब्द शुद्ध करणे या अर्थाच्या 'पू' धातूपासून आलेला. 'चक्की' मात्र दळणाची. जुन्या इराणात वाऱ्यावर धान्य दळीत, हॉलंडमध्ये दळीत आणि पाणीही उपशीत. म्हणून युरोपीय भाषांतही या यंत्राला दळणाचेच नाव चिकटले. यंत्र बदलले, नाव राहिले. हा अवशेष निरुपद्रवी होय, कारण चाळकेवाडीच्या पठारावर पीठ दळले जाते असे कोणीही समजत नाही.

'पंखा' या नावाची गोष्ट वेगळी. सातारा, सांगली आणि धुळे जिल्ह्यांत बोलण्यात हेच नाव ऐकू येते, आणि ते येणे स्वाभाविक आहे; दांड्याला लावलेली तीन पाती घरोघरी छतावर दिसतात. परंतु रूप सारखे असले तरी दोहोंचे कार्य नेमके उलट आहे. पंखा वीज घेतो आणि वारा देतो. टर्बाइन वारा घेते आणि वीज देते. पंख्यापुढे हवेचा वेग वाढतो, टर्बाइनमागे तो घटतो. वाऱ्यातील सर्व ऊर्जा काढून घेता येत नाही, कारण तशी काढली तर पात्यामागची हवा जागीच थांबेल आणि पुढून येणाऱ्या हवेला वाट राहणार नाही; ही मर्यादा आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ साली गणिताने दाखविली. ती ५९.३ टक्के आहे. म्हणजे हे यंत्र वाऱ्याकडून कर घेते, वारा उत्पन्न करीत नाही. 'पंखा' हे नाव ऐकणाऱ्याच्या मनात मात्र उत्पन्न करण्याचीच क्रिया उभी करते.

या नावाचा परिणाम केवळ शाब्दिक राहिला नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडी या पठारांवर यंत्रांच्या रांगा उभ्या राहिल्या. २००२ नंतरची दोन-तीन वर्षे अवर्षणाची गेली, आणि पश्चिम महाराष्ट्रात व धुळे जिल्ह्यात 'पंख्यांमुळे ढग पळून जातात' ही समजूत पसरली. तिचे निरसन करणे फार अवघड नाही. माण, खटाव, आटपाडी हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. तेथील अवर्षणाचा इतिहास यंत्रांपेक्षा कितीतरी जुना आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यात असे एकही यंत्र नव्हते. मोसमी पाऊस देणारा बाष्पयुक्त हवेचा थर काही किलोमीटर जाडीचा आणि शेकडो किलोमीटर रुंदीचा असतो. शंभर मीटरच्या आसपास फिरणारी पाती त्याच्या तळाला जेमतेम स्पर्श करतात, आणि तोही वेग किंचित कमी करण्यापुरता.

परंतु येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. वनकुसवड्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे. पावसाळ्यात ढग त्या पठारावर उतरतात आणि पात्यांमधून जाताना दिसतात. ज्या शेतकऱ्याने ते पाहिले त्याचे प्रत्यक्ष चुकीचे नव्हते. चुकले ते अनुमान. पाती फिरताना ढग पुढे जाताना दिसले, आणि पुढे पाऊस पडला नाही. दोन घटनांच्या साहचर्याला व्याप्ती मानले गेले. न्यायशास्त्राच्या परिभाषेत हा दोष परिचयाचा आहे, आणि तो केवळ अशिक्षितांकडूनच घडतो असे मानण्यास आधार नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा व्याकरणाचा आहे. मराठीत ऐकीव माहितीची खूण सांगणारा एक अत्यंत उपयुक्त शब्द आहे : 'म्हणे'. 'पंख्यांनी ढग जातात म्हणे' या वाक्यात बोलणारा आपली जबाबदारी कोठे संपते ते अचूक सांगतो. हे आपण पाहिलेले नाही, दुसऱ्याकडून ऐकलेले आहे, खरेखोटे ज्याचे त्याने ठरवावे, इतका आशय तो दोन अक्षरी शब्द वाहतो. छापील गद्याला हा शब्द ग्राम्य वाटतो. त्यामुळे तेच वाक्य वार्ताहराच्या लेखणीतून उतरताना 'पवनचक्क्यांमुळे ढग पळत असल्याने शेतकऱ्यांत असंतोष' असे होते. 'असल्याने' या रूपाने ऐकीव गोष्ट कारण म्हणून प्रस्थापित झाली. असंतोष हे वृत्त, आणि ढगांचे पळणे हे त्यातील गृहीत सत्य. मूळ बोली वाक्य अधिक प्रामाणिक होते असे म्हणणे भाग आहे. प्रमाण मराठीने 'म्हणे' टाकला, परंतु त्याच्या जागी दुसरी सोय केली नाही. 'समजते', 'कळते', 'तज्ज्ञांच्या मते', 'असे सांगण्यात येते' ही रूपे वरवर तेच काम करतात. वस्तुतः ती सांगणाऱ्याला झाकतात. 'म्हणे' ऐकीवपणा उघड करतो, 'सांगण्यात येते' त्याला प्रतिष्ठा देते.

खंडन करणारे लेखनही याच दोषाने ग्रस्त आहे, ही गोष्ट अधिक खेदाची. 'ही निव्वळ अफवा असल्याचे शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले आहे' हे वाक्य अर्थाने खरे असेल, तरी प्रमाण म्हणून ते अफवेच्याच पातळीवर राहते. कोणत्या शास्त्रज्ञांनी, कोणत्या मोजणीवरून, कोठे, हे त्यात नाही. वाचकाने एका ऐकीव गोष्टीऐवजी दुसरी स्वीकारावी इतकीच अपेक्षा दिसते. शिवाय 'पवनचक्क्यांचा हवामानावर कोणताही परिणाम होत नाही' असे जे पुढे लिहिले जाते ते अतिव्याप्त आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पश्चिम भागातील पवनक्षेत्रांचे उपग्रहांवरून घेतलेले तापमान तपासून २०१२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. यंत्रांच्या क्षेत्रात रात्रीचे भूपृष्ठाचे तापमान भोवतालच्या मानाने थोडे वाढलेले त्यात आढळले. पाती हवेचे थर घुसळतात आणि वरची तुलनेने उबदार हवा रात्री खाली येते. हा परिणाम स्थानिक आहे, आणि पर्जन्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही. परंतु 'कोणताही नाही' आणि 'पावसावर नाही' ही दोन विधाने एक नव्हेत. संशयी वाचकाला पहिले विधान खोटे असल्याचे एकदा कळले की दुसऱ्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

चाळकेवाडीविषयी जे खरोखर मोजले गेले ते मराठी वाचकापर्यंत कितपत पोहोचले, हे पाहण्यासारखे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी या पठारावर यंत्रे असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना केली. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. यंत्रे असलेल्या जागी शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आढळले. त्यामुळे पक्ष्यांचे भक्ष्य असलेले सरडे तेथे अधिक संख्येने होते, आणि त्यांच्या रक्तात भीतीच्या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण कमी होते. यंत्रांनी ढग पळविले नाहीत. पक्षी दूर ठेवले, आणि त्याचा परिणाम साखळीने खाली उतरला. हा निष्कर्ष लोकसमजुतीइतकाच अनपेक्षित, आणि तिच्याहून पुष्कळ चांगल्या आधाराचा आहे. भाषेच्या अभ्यासकास यात आणखी एक गोष्ट बोचावी. गळ्याला रंगीत पंखा असणाऱ्या या सरड्यांच्या ज्या प्रजातीचे वर्णन २०१६ साली शास्त्रीय नाव देऊन करण्यात आले, तिचे नावच 'सरडा' असे आहे. मराठीतील शब्द जसाच्या तसा उचलून जागतिक प्राणिशास्त्राने स्वीकारला. शब्द मराठीतून गेला आणि त्या प्राण्याचे पुढे काय झाले याचे ज्ञान इंग्रजीत राहिले. त्या पठाराच्याच जिल्ह्यात, वाई येथे, लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम झाले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. 'प' अक्षराच्या नोंदी छापल्या गेल्या तेव्हा पठारावर यंत्रे नव्हती, म्हणून जुन्या नोंदीला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु विद्यार्थी ती आजची माहिती म्हणून उतरून घेतात, आणि नोंद कोणत्या काळातील आहे हे सांगण्याची तसदी घेत नाहीत.

आकड्यांच्या बाबतीत स्थिती याहून बिकट आहे. महाराष्ट्राची पवनऊर्जेची अंदाजित क्षमता किती, या प्रश्नाला तीन उत्तरे छापलेली सापडतात : सुमारे ४५ गिगावॅट, सुमारे ९८ गिगावॅट आणि सुमारे १७४ गिगावॅट. विद्यार्थी गोंधळतो, आणि त्यांपैकी एक खरे व दोन खोटी असे धरून चालतो. तिन्ही आकडे चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचेच आहेत. पहिला जमिनीपासून १०० मीटर उंचीवरचा, दुसरा १२० मीटरचा, तिसरा १५० मीटरचा. उंचीबरोबर वाऱ्याचा वेग वाढतो, आणि वाऱ्यातून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. वीस मीटरने वेग फार वाढत नाही हे खरे, परंतु जी जमीन पूर्वी किफायतशीर ठरत नव्हती ती थोड्या वाढीनेही हिशेबात येते, आणि एकूण आकडा झपाट्याने फुगतो. 'महाराष्ट्राची क्षमता १७४ गिगावॅट आहे' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे. ज्ञान म्हणून ते अपुरे आहे, कारण 'कोणत्या उंचीवर' हे क्रियाविशेषण त्यातून गळलेले आहे. मराठी वाक्याला क्रियाविशेषण ऐच्छिक वाटते; येथे ते कर्त्याइतकेच आवश्यक आहे.

मेगावॅट आणि युनिट यांची गल्लत तर नित्याचीच. पाठ्यपुस्तकात 'शक्ती' आणि 'ऊर्जा' हे शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवलेले असतात. दैनिकात दोहोंच्या जागी 'वीज' येते, आणि 'प्रकल्पातून दरवर्षी शंभर मेगावॅट वीज निर्माण होते' अशी वाक्ये जन्मास येतात. शंभर मेगावॅट ही निर्मितीची क्षमता आहे. तिला 'दरवर्षी' लावणे म्हणजे गाडीचा वेग दरवर्षी ताशी साठ किलोमीटर आहे असे म्हणण्यासारखे. एक मेगावॅटचे यंत्र वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने चालले तर ८७ लाख ६० हजार युनिटे होतील. वारा तसा वाहत नाही. ते सरासरीने एक-पंचमांश क्षमतेने चालले असे धरले, तर साडेसतरा लाख. महाराष्ट्रात उभारलेल्या यंत्रांची एकत्रित क्षमता ५००० मेगावॅटहून अधिक आहे. या आकड्यावरून जो वाचक औष्णिक केंद्राशी तुलना करील तो मोठ्या भ्रमात राहण्याचा संभव आहे. शिवाय आपल्याकडील निर्मितीचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या महिन्यांत एकवटतो; वार्षिक सरासरी हीदेखील अर्धसत्यच.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यास हे सर्व दूरचे वाटेल, आणि एका अर्थी ते आहेच. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथे पवनक्षेत्र नाही. पावसाळ्यात बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर उभे राहिले की छत्री उलटते, आणि येथे एक लहान यंत्र बसविले तर जिन्यातील दिवे फुकट जळतील असा विचार सुचतो. तोही अनुमानाचाच दोष. छत्री उलटते ती झोताने. यंत्राला हवा वर्षभराचा सरळ, सलग वारा. उंच इमारतींच्या मागे वारा भोवरे घेतो, दिशा बदलतो, आणि अशा वाऱ्यात पाती झिजतात पण वीज थोडी मिळते. गच्चीवर वर्षभर वेगमापक ठेवल्याशिवाय काहीही म्हणता येणार नाही. दुसऱ्या ठिकाणची मोजणी येथे चालत नाही, हे तर उपनगरवासीयांनी २६ जुलै २००५ रोजी चांगलेच अनुभवले. त्या दिवशी सांताक्रुझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. कुलाब्यास तो ७४ मिलिमीटरच्या आसपास होता. एकाच शहराची दोन टोके जेथे एकमेकांची साक्ष देऊ शकत नाहीत, तेथे 'मुंबईत वारा चांगला असतो' या वाक्याचे मूल्य काय ते वेगळे सांगावयास नको. वेसावे, मढ आणि गोराई येथील कोळी वाऱ्याविषयी असे सरसकट कधीच बोलत नाहीत. कोणत्या प्रहरी, कोणत्या दिशेचा, भरतीचा की ओहोटीचा, हे त्यांच्या बोलण्यात आल्याशिवाय राहत नाही. भूगोलाच्या पुस्तकाने 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' हे दोन शब्द टिकविले, हे उपकारच. परंतु त्या शब्दांमागची काळ-स्थळ सांगण्याची शिस्त टिकविली नाही.

पवनऊर्जा उपनगरांत पोहोचते ती विजेच्या देयकातून. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर हे क्षेत्र १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय या कंपनीचे. हस्तांतर होत होत ते २०१८ पासून अदानी समूहाच्या कंपनीकडे आहे, आणि तिने राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यातील पवन-सौर संमिश्र प्रकल्पातून ७०० मेगावॅटचा करार केलेला आहे. मुलुंड आणि भांडुप मात्र महावितरणच्या क्षेत्रात येतात. २०२१ पासून राज्यातील ग्राहकास जादा आकार भरून 'हरित वीज' मागता येते. प्रारंभी तो युनिटमागे ६६ पैसे होता. येथे विशेषणाची परीक्षा आवश्यक आहे. 'हरित वीज' या पदातील विशेषण विजेला लागतच नाही. तारेतून घाटकोपरच्या घरात येणारी वीज कोठून निघाली हे ओळखता येत नाही. सर्व निर्मिती एकाच जाळ्यात मिसळते. हरित असते ती खरेदी. ग्राहकाच्या वापराइतकी वीज नवीकरणीय स्रोतांकडून विकत घेतल्याचा हिशेब ठेवला जातो, वीज बदलत नाही. ज्याला हे कळले तो पैसे भरावे की न भरावे ते विचारपूर्वक ठरवील. ज्याला 'घरात वाऱ्याची वीज येते' असे सांगितले गेले, तो ठरवीत नाही, फसतो किंवा चिडतो.

मग विश्वसनीय माहिती कोठे शोधावी? न्यायशास्त्राने आप्ताची जी कल्पना केली तिच्यात दोन अंगे आहेत : वस्तू जशी आहे तशी त्याने जाणलेली असावी, आणि जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. यंत्रे विकणाऱ्या कंपनीचे पत्रक पहिल्या कसोटीस कदाचित उतरेल, दुसऱ्या कसोटीस ते उतरेलच अशी खात्री देता येत नाही. आंदोलनाच्या पत्रकाचे बहुधा याच्या उलट असते. म्हणून मोजणी ज्याने केली आणि मोजणीची रीत ज्याने उघड केली, त्याच्याकडे जाणे हा एकच मार्ग उरतो. या दृष्टीने ॲना मणी यांचे काम अभ्यासकांनी विसरू नये. १९४८ पासून पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनविण्याची व्यवस्था केली, आणि १९८३ साली भारतातील वाऱ्याच्या नोंदींचा ग्रंथ सहलेखकासह प्रसिद्ध केला. त्या पानांत विशेषणे जवळजवळ नाहीत. ठिकाण, उंची, महिना, तास आणि वेग आहेत. राज्यातील पहिला प्रायोगिक पवनप्रकल्प १९८६ साली रत्नागिरीस उभा राहिला, तेव्हा अशा नोंदी हाताशी होत्या.

आज वाऱ्याच्या नकाशांसाठी चेन्नईची संस्था, राज्यातील प्रकल्पांसाठी पुण्याची महाऊर्जा, प्रत्यक्ष निर्मितीसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण, दरासाठी राज्य वीज नियामक आयोगाचे आदेश, असे मूळ स्रोत उपलब्ध आहेत. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे आणि विद्यानगरीतील विद्यापीठाचे ग्रंथालय उपनगरांतच आहे. मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोली. तेथील राज्य भार प्रेषण केंद्र वीजनिर्मितीचा दैनिक ताळेबंद प्रसिद्ध करते, आणि त्यात वाऱ्याचा रकाना असतो. जुलैतील एक दिवस आणि डिसेंबरातील एक दिवस शेजारी ठेवून पाहिले तरी पुरवण्यांतील पुष्कळ वाक्ये तपासून होतील. या ताळेबंदाला मराठी रूप देणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. शब्द बहुतेक तयारच आहेत. अडचण येईल ती प्रत्येक रकान्याच्या शीर्षात उंची, काळ आणि एकक कोठे बसवावे याची, आणि जेथे आकडा मोजलेला नसून अंदाजलेला आहे तेथे कोणते क्रियापद वापरावे याची. 'आहे' तेथे चालणार नाही.